शरीर ‘कमावणे’ आणि वजन ‘घटविणे’ : स्थूल कुमारांच्या व्यायामावरील मराठी लेखनाची चिकित्सा

१

प्रस्तुत लेखाचा विषय वैद्यकाच्या प्रांतातील आहे आणि लेखक भाषाविज्ञानाचा अध्यापक आहे, ही विसंगती आरंभीच मान्य केलेली बरी. व्यायामाने स्थूल मुलांच्या शरीरात कोणते फेरबदल होतात हे ठरविण्याचा अधिकार प्रयोगशाळेचा. तेथे भाषेच्या अभ्यासकाने लुडबूड करू नये. परंतु प्रयोगशाळेत जे सिद्ध होते ते घरोघरी पोहोचते भाषेच्या वाहनातून, आणि वाहनच सदोष असेल तर माल वाटेत खराब होतो. वजन अधिक असलेल्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना उद्देशून आज मराठीत बरेच लेखन होत असते. वृत्तपत्रांच्या आरोग्यपुरवण्या, व्यायामशाळांची पत्रके, दवाखान्यांतील भित्तिपत्रके, पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तिका असा त्याचा विस्तार आहे. या लेखनाची वैद्यकीय नव्हे तर भाषिक चिकित्सा करावी, आणि ती करताना मूळ संशोधनात काय सांगितले आहे तेही समोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : या लेखनाने व्यायामाचे फळ सांगण्यासाठी चुकीचे क्रियापद निवडले आहे. ते क्रियापद म्हणजे ‘घटविणे’. दमसास वाढविणाऱ्या व्यायामापासून स्थूल कुमारांना जे लाभ निश्चितपणे होतात, त्यांत वजन घटणे हा सर्वांत अनिश्चित लाभ आहे. आणि जे निश्चित लाभ आहेत ते वजनाच्या काट्यावर दिसत नाहीत. ज्या मुलाला ‘वजन घटविण्यासाठी धाव’ असे सांगितले जाते, तो दोन महिन्यांनी काट्यावर उभा राहतो, काटा हललेला दिसत नाही, आणि तो धावणे सोडून देतो. व्यायाम निष्फळ झाला म्हणून तो सोडतो असे नव्हे. भाषेने त्याला फळ चुकीच्या जागी शोधावयास लावले म्हणून सोडतो.

२

मराठीत व्यायामाशी जोडलेले जुने क्रियापद ‘कमावणे’ हे होय. आपण ‘शरीर कमावतो’. आपल्याकडे गवई आवाज कमावतो आणि चांभार कातडे कमावतो. या तिन्ही प्रयोगांत एक समान अर्थ आहे : कच्ची वस्तू दीर्घ मेहनतीने पक्की व कामाची करणे. शब्दाचे मूळ संस्कृत ‘कर्म’, प्राकृत ‘कम्म’ यांत आहे. म्हणजे केलेल्या कामातून जे हाती येते ती कमाई. ‘व्यायाम’ हा शब्दही याच दिशेचा आहे. वि, आ हे उपसर्ग आणि ‘यम्’ धातू यांतून ताणणे, लांबविणे, विस्तारणे असा अर्थ निघतो. तिसरा शब्द ‘तालीम’. तो अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ शिकविणे असा आहे. कमाई, विस्तार आणि शिक्षण या तिन्ही कल्पनांत शरीरात काही भर पडते. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादिलेल्या, दहा खंडांत पूर्ण झालेल्या ‘व्यायामज्ञानकोशा’चा प्रपंच या भूमिकेवरच उभा आहे : व्यायाम ही एक विद्या आहे आणि ती संपादन करावयाची असते.

याउलट आजच्या लेखनातील क्रियापदे पाहावीत. वजन ‘घटवा’, चरबी ‘जाळा’, पोट ‘कमी करा’, लठ्ठपणाशी ‘लढा’. येथे शरीर ही कमावण्याची वस्तू राहत नाही, तो प्रतिपक्ष होतो. व्याकरणाच्या दृष्टीने कर्ता आणि कर्म एकाच मनुष्याच्या ठिकाणी आहेत. तरीही त्यांचे नाते वैराचे आहे. प्रौढ माणूस कदाचित असे वैर पेलू शकेल. पंधराव्या वर्षी, जेव्हा शरीर रोज काहीतरी नवे करून दाखवीत असते आणि त्याच्याशी जुळवून घेणे हेच एक काम होऊन बसते, तेव्हा त्या शरीराशी लढण्याचा उपदेश किती हितकर आहे याचा विचार लेखकांनी करावयास हवा होता.

येथे जुन्या भाषेचे उदात्तीकरण करण्याचा आमचा विचार नाही. तालमीच्या भाषेत मुलींना जागा नव्हती, आणि तिच्यातील ‘कमाई’ बहुधा दंडाच्या व मांडीच्या घेरावरच मोजली जात असे. शिवाय स्थूलतेविषयीची आपली शब्दसंपत्ती पूर्वीपासून दुटप्पी आहे. बाळ ‘गुटगुटीत’ असते, त्याने ‘बाळसे’ धरलेले असते, मुलगा ‘खात्यापित्या घरचा’ दिसतो. तेच शरीर बाराव्या-तेराव्या वर्षी एकाएकी ‘ढोल्या’ होते. कालपर्यंत ज्या गालांचे कौतुक होते ते आज थट्टेचा विषय होतात, आणि मधल्या काळात मुलाने काही केलेले नसते; बदललेले असते ते भोवतालचे विशेषण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश देहांची चर्चा आहे, त्याच्या नावातच ‘निंदित’ हा शब्द आहे. देहाचे निदान आणि देहाची निंदा यांची सरमिसळ म्हणजे आजचा दोष नव्हे. परंतु जुना आहे म्हणून तो चालू ठेवावा असेही नाही.

३

आता ‘एरोबिक’ या शब्दाकडे वळू. हवा आणि जीवन या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात लुई पाश्चर यांनी तो सूक्ष्म जीवांविषयी वापरला : हवेवाचून न जगणारे ते एरोबिक, हवेवाचून जगणारे ते त्याच्या उलट. शालेय विज्ञानात ‘ऑक्सिश्वसन’ आणि ‘विनॉक्सिश्वसन’ ही जोडी याच भेदासाठी रूढ आहे. व्यायामाच्या क्षेत्रात हा शब्द लोकप्रिय केला तो केनेथ कूपर या अमेरिकी वैद्याने. ते तेथील वायुदलात होते. १९६८ साली त्यांचे ‘एरोबिक्स’ हे पुस्तक निघाले आणि बारा मिनिटांत मनुष्य किती अंतर तोडतो यावरून त्याचा दमसास अजमावण्याची त्यांची कसोटीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. मोठे स्नायू तालबद्ध रीतीने, बराच वेळ, हृदय व फुप्फुसे पुरवठा करू शकतील इतक्याच वेगाने हलविणे, हा या व्यायामाचा गाभा. भरभर चालणे, सायकल, पोहणे, दोरीवरच्या उड्या, जिने चढणे, डोंगर चढणे हे सर्व त्यात येते.

नवव्या दशकात संगीताच्या तालावरील कवायतीच्या ध्वनिचित्रफिती जगभर गेल्या आणि शब्दाचा अर्थसंकोच झाला. आज आपल्या शहरांत ‘एरोबिक्सला जाणे’ म्हणजे आरशांच्या खोलीत, ठराविक पोशाखात, शुल्क भरून, गाण्यावर नाचणे. हा अर्थसंकोच निरुपद्रवी नाही. जी मुलगी शाळेपर्यंत दोन मैल सायकल मारीत जाते, ती आपण व्यायाम करतो असे मानीत नाही. आणि जिला त्या आरशांची भीती वाटते, ती एरोबिक व्यायाम आपल्यासाठी नाहीच असे धरून चालते. शब्दाने वस्तूचे क्षेत्र आखडले, आणि नेमके ज्यांना तिची गरज होती त्यांनाच बाहेर ठेवले.

वस्तुतः या कल्पनेसाठी मराठीला शब्द शोधावयास दूर जाण्याचे कारण नाही. ‘दमसास’ हा शब्द आपल्याकडे आहे आणि तो गवयाला, धावणाऱ्याला व मल्लाला सारखाच लागू पडतो. फारसीतून आलेल्या ‘दम’ शब्दाच्या छटा येथे विशेष उपयोगी आहेत. ‘दम लागणे’ ही उणीव, ‘दम असणे’ ही शक्ती, ‘दमाने घेणे’ ही पद्धत. व्यायामाचे सारे शास्त्र या तीन प्रयोगांत बसते : दम लागेल इतके करावे, दमाने करावे, म्हणजे दम येतो. किती करावे याचे जुने मापही श्वासाचेच आहे. सुश्रुतसंहितेने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे म्हटले असून, हृदयातील वायू तोंडावाटे येऊ लागणे, म्हणजे धाप लागू लागणे, हे अर्धी शक्ती वापरली गेल्याचे लक्षण सांगितले आहे. आजचे व्यायामतज्ज्ञ सांगतात की मध्यम तीव्रतेच्या व्यायामात बोलता यावे, पण गाता येऊ नये. दोन्ही मापे एक आहेत असा आमचा दावा नाही. परंतु दोन्ही मापे वजनाच्या काट्याकडे न पाहता करणाऱ्याच्या श्वासाकडे पाहतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

४

आता मूळ प्रश्न : हे संशोधन सांगते काय?

२०१० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एक प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. त्यात लॅटिन अमेरिकी वंशाची, बैठी राहणी असलेली कुमारवयीन मुले-मुली होती. पंधरा स्थूल आणि चौदा सडपातळ. बारा आठवडे, आठवड्यातून चार वेळा, प्रत्येकी तीस मिनिटे, स्वतःच्या कमाल प्राणवायुग्रहणशक्तीच्या निदान सत्तर टक्के तीव्रतेने त्यांनी व्यायाम केला. शेवटी स्थूल मुलांचे वजन जवळजवळ होते तेवढेच राहिले. परंतु त्यांच्या यकृतातील मेदाचे प्रमाण ८.९ टक्क्यांवरून ५.६ टक्क्यांवर आले, पोटातील अवयवांभोवतीची चरबी कमी झाली, इन्शुलिनला शरीराकडून होणारा रोध उतरला आणि दमसास वाढला. प्रयोग लहान आहे हे खरे. परंतु आपल्या आरोग्यपुरवणीच्या भाषेत त्याचा निष्कर्ष लिहावयाचा झाला तर तो असा लिहावा लागेल : ‘बारा आठवडे व्यायाम करूनही वजन घटले नाही’. हे वाक्य अक्षरशः खरे आणि अर्थतः संपूर्णपणे खोटे आहे.

वजन का हलत नाही याचे उत्तर गूढ नाही. अर्ध्या तासाच्या भरभर चालण्याने जेवढी ऊर्जा खर्च होते ती एका वडापावाने सहज भरून निघते. शिवाय कुमारवयात उंची वाढत असते, हाडे व स्नायू भरत असतात. त्या वयात वजन वाढणे हाच निसर्गक्रम आहे. दुसऱ्या बाजूस, आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही रक्तातील साखर आत ओढून घेऊ शकतो. नियमित व्यायामाने स्नायूपेशींतील ऊर्जानिर्मितीची केंद्रे वाढतात. हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलू लागते आणि विश्रांतीच्या वेळची नाडी मंदावते. यांपैकी एकही फेरफार वजनकाट्याच्या आवाक्यात नाही.

दुसरे उदाहरण पिट्सबर्गचे. तेथे सोजंग ली आणि त्यांचे सहकारी यांनी २०१२ साली बारा ते अठरा वर्षांच्या ४५ स्थूल मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. आहारावर कोणतेही बंधन न घालता, तीन महिने, आठवड्यातून तीनदा एकेक तास, एका गटाने एरोबिक आणि दुसऱ्याने वजने व यंत्रे वापरून बळाचा व्यायाम केला. तिसरा गट व्यायामावाचून राहिला. व्यायाम न करणाऱ्यांचे वजन त्या काळात वाढले, करणाऱ्यांचे ती वाढ टळली. दोन्ही व्यायामगटांत पोटावरची व यकृतातील चरबी कमी झाली. परंतु इन्शुलिनविषयीची संवेदनक्षमता वाढली ती केवळ बळाच्या व्यायामाने. पुढील वर्षी याच मंडळींनी ४४ स्थूल मुलींवर तसाच प्रयोग केला, तेव्हा चित्र उलटे दिसले : मुलींमध्ये पोटातील खोल चरबी, यकृतातील मेद आणि इन्शुलिनसंवेदना या तिन्ही बाबतींत फरक पाडला तो एरोबिक व्यायामाने, बळाच्या व्यायामाने नव्हे.

या दोन प्रयोगांतून ‘मुलांनी जोर काढावेत आणि मुलींनी धावावे’ असा नियम काढणे उतावळेपणाचे होईल. नमुने लहान आहेत, काळ तीन महिन्यांचा आहे. त्यांतून निघतो तो इशारा असा की ‘एरोबिक सर्वश्रेष्ठ’ असे सरसकट विधानही टिकत नाही. कॅनडातील ओटावा येथील, चौदा ते अठरा वर्षांच्या ३०४ कुमारांवरील मोठा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. चारही गटांना आहाराचा सल्ला होता. तीन गटांना बावीस आठवडे अनुक्रमे एरोबिक, बळाचा आणि दोन्ही मिळून असा व्यायाम होता. शरीरातील चरबीचे प्रमाण व्यायामाशिवायच्या गटात ०.३, एरोबिक गटात १.१, बळाच्या गटात १.६ आणि मिश्र गटात १.४ टक्के-अंकांनी उतरले. आकडे भव्य नाहीत. जाहिरातीच्या भाषेला सवकलेल्या वाचकाला ते क्षुल्लक वाटतील. परंतु त्याच अहवालातील दुसरी नोंद अधिक मोलाची आहे : ठरलेल्या सत्रांपैकी मुलांनी हजेरी लावली ती सुमारे साठ टक्के सत्रांना. जे अधिक नेमाने आले त्यांच्यात मिश्र व्यायामाचा लाभ स्पष्टपणे जास्त दिसला. म्हणजे व्यायाम कोणता, या प्रश्नाइतकाच तो टिकतो कसा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. आणि टिकण्याचा प्रश्न आला की भाषेचा प्रश्न आला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. वजनाला काहीच महत्त्व नाही काय? आहे. अतिस्थूलतेने झोपेत श्वास अडखळतो, गुडघे व खुबे दुखावतात, रक्तदाब वाढतो. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह एकदा जडल्यावर तर व्यायाम व राहणीतील सुधारणा पुरी पडेलच असे नाही. अमेरिकेत दहा ते सतरा वर्षांच्या ६९९ मधुमेही मुलांवर झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मेटफॉर्मिनच्या जोडीला राहणी सुधारण्याचा खटाटोपाचा कार्यक्रम देऊनही, केवळ औषध घेणाऱ्यांच्या तुलनेत निर्णायक फरक पडला नाही. म्हणून आहार आणि वैद्याचा सल्ला यांना पर्याय नाही. आमचे म्हणणे एवढेच की वजनाचा विचार वैद्याने त्याच्या जागी करावा. व्यायामाच्या यशापयशाचा निवाडा काट्याकडे सोपवू नये. उलट ही चाचणी असे सुचविते की यकृत व इन्शुलिन यांवर व्यायामाचा जो हितकारक परिणाम होतो तो रोग जडण्यापूर्वीच पदरात पाडून घेतला पाहिजे. अशा वेळी मुलाला निराश करून मैदानाबाहेर घालविणारी भाषा ही केवळ असुंदर नव्हे, अपायकारक ठरते.

५

भाषेइतकीच मोजमापाचीही चिकित्सा करावी लागेल, कारण मोजमाप ही एक प्रकारची भाषाच आहे. शरीराचे वजन उंचीच्या वर्गाने भागून निघणारा अंक बेल्जियमच्या केटले यांनी एकोणिसाव्या शतकात लोकसमूहांच्या अभ्यासात मांडला, आणि त्याला आजचे नाव १९७२ साली ॲन्सेल कीझ यांनी दिले. प्रौढांसाठी पंचवीस व तीस या त्याच्या परिचित सीमा आहेत. आमच्या पाहण्यातील कित्येक मराठी लेखांत या सीमा जशाच्या तशा तेरा वर्षांच्या मुलाला लावलेल्या असतात. हा शुद्ध प्रमाद आहे. वाढत्या वयात हा अंक वय व लिंग यांच्या संदर्भातच वाचावा लागतो. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ साली स्वतंत्र तक्ते दिले आहेत, आणि भारतीय तक्त्यांत प्रौढवयातील तेवीस व सत्तावीस यांच्याशी जुळणाऱ्या, म्हणजे अधिक खालच्या, रेषा धरल्या आहेत. ‘अधिक वजन’ आणि ‘स्थूलता’ या दोन पायऱ्या आहेत. आपले लेखन दोन्हींना ‘लठ्ठपणा’ या एकाच शब्दात कोंबते.

भारतीयांसाठी तेवीसची रेषा का, याचे उत्तर अंशतः पुण्यात मिळते. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली एक छोटासा टिपणवजा लेख लिहिला. दोघांचा हा निर्देशांक सारखाच, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण एकाचे ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांचे २१.२ टक्के निघाले. दोन माणसे काट्यावर व उंचीच्या पट्टीवर एक असून आत इतकी भिन्न असू शकतात, हे याहून सोप्या रीतीने सांगणे कठीण आहे. आपल्या समाजात सडपातळ दिसणाऱ्या मुलांनाही व्यायामाची तेवढीच गरज आहे, आणि केवळ जाड मुलालाच मैदानावर पिटाळणे अशास्त्रीय आहे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

दुसरे मोजमाप दमसासाचे. शरीर कमाल किती प्राणवायू वापरू शकते हा आकडा बहुधा दर किलो वजनामागे सांगतात. भाजक वाढला की भागाकार उतरतो. त्यामुळे स्थूल मूल या आकड्यात नेहमीच दुबळे ठरते. मायकेल गोरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिले की चरबीविरहित शरीरभाराच्या हिशेबाने पाहिले असता स्थूल मुलांची कमाल प्राणवायुग्रहणशक्ती कमी असतेच असे नाही. मात्र एकाच ठरीव वेगाने चालावयाचे झाले तर त्यांना आपल्या शक्तीचा मोठा हिस्सा खर्चावा लागतो. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू आपापले काम करीत असतात. फक्त त्यांच्यावर ओझे अधिक असते. ज्या वेगाने वर्गातील इतर मुले गप्पा मारीत धावतात, त्याच वेगाने धावताना हा मुलगा आपल्या शक्तीच्या कडेवर असतो. तो आळशी नसतो; तो त्या मैदानावर सर्वांत जास्त कष्ट करीत असतो.

या वाक्यापाशी प्रस्तुत लेखकाला आपल्या शाळेतील एक गोष्ट आठवते. आमच्या वर्गात एक जाड मुलगा होता. कवायतीच्या तासाला कोणी चुकले की मैदानाला चार फेऱ्या ही शिक्षा असे. आणि हा मुलगा चौथ्या फेरीत मागे राहिला की त्याबद्दल आणखी एक फेरी. सबंध वर्ग कडेला उभा राहून त्याची पाचवी फेरी पाहत असे. आम्हीही पाहत होतो, आणि हसतही होतो. त्या मुलाने पुढे कधी धावण्याचे नाव घेतले नाही. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. मराठीत तिचा अर्थ दंड असा झाला. ‘तालीम’ म्हणजेही शिकवणच. त्या मैदानावर तिची मराठी ‘शिक्षा’ झाली. ही अर्थांतराची उदाहरणे वर्गात शिकविताना आम्हांला त्या पाचव्या फेरीची आठवण होते, आणि आपण त्या वेळी हसलो याची खंत वाटते.

६

टीका केल्यानंतर विधायक सूचना करणे हे टीकाकाराचे कर्तव्य असते. स्थूल कुमारांसाठी मराठीत लिहिणाऱ्यांनी पुढील गोष्टींचा विचार करावा असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट क्रियापदाची. ‘वजन घटविण्यासाठी व्यायाम’ हा शब्दप्रयोग टाकून ‘दम कमावण्यासाठी व्यायाम’ असे म्हणावे. यात गोड शब्दांनी वस्तुस्थिती झाकण्याचा हेतू नाही. वर पाहिलेल्या प्रयोगांत जे घडले त्याचे ते अधिक अचूक वर्णन आहे. ‘कमावणे’ हे क्रियापद एरोबिक आणि बळाचा असे दोन्ही व्यायाम पोटात घेते, हाही त्याचा एक फायदा. जोर-बैठका आणि धावणे यांत निवड करण्याची सक्ती आपल्या परंपरेने कधी केली नव्हती. ओटावाचा प्रयोगही ती करीत नाही.

दुसरी गोष्ट मोजण्याची. मुलाला काही मोजावयाचे असेलच तर त्याने आपली स्वतःचीच मागची नोंद मोजावी : बारा मिनिटांत किती अंतर कापले, किती जिने न थांबता चढलो, सकाळी उठल्यावर नाडीचे ठोके मिनिटाला किती. हे आकडे काही आठवड्यांत बदलू लागतात, आणि ते बदल खरे असतात. चालण्या-धावण्याने गुडघे दुखत असतील तर पोहणे किंवा सायकल यांनी तेच साधते. पाणी आणि सायकलची बैठक शरीराचा भार वाहून घेतात.

तिसरी गोष्ट भाषांतराची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० सालच्या शिफारशीत पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज निदान साठ मिनिटे असे शब्द होते. २०२० साली त्यांत ‘सरासरी’ हा शब्द आला : आठवडाभराची सरासरी रोजी साठ मिनिटे पडावी, त्यातील बहुतेक हालचाल एरोबिक असावी, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी अधिक जोमाचा तसेच स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम व्हावा. काही न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, हेही त्याच ठिकाणी स्पष्टपणे म्हटले आहे. आमच्या पाहण्यात आलेल्या मराठी लेखांत अजून ‘रोज किमान एक तास’ असेच आढळते. एका शब्दाचा फरक. पण ज्या मुलीचा मंगळवार परीक्षेमुळे बुडाला तिच्या दृष्टीने ‘किमान’ म्हणजे नियम मोडला, आणि ‘सरासरी’ म्हणजे रविवारी टेकडी चढून भरपाई करता येईल. एक शब्द तिला बाहेर घालवितो, दुसरा आत ठेवतो.

१९५३ साली जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होत असे त्यांना दिसले. व्यायाम आणि आरोग्य यांच्या आधुनिक अभ्यासाचा हा एक आरंभबिंदू मानतात. ते वाहक वजन घटविण्यासाठी जिना चढत नव्हते. वरच्या मजल्यावर उतारू बसले होते आणि त्यांना तिकिटे द्यावयाची होती, म्हणून चढत होते. हृदयाने त्यांचा हेतू विचारला नाही. आपल्या मुलांनाही जिना चढण्यासाठी वर काहीतरी असले पाहिजे. खेळ, मित्र, टेकडीवरचा वारा, किंवा कालच्यापेक्षा चार पायऱ्या अधिक चढल्याचा आनंद. ते त्यांना देणे हे शाळांचे व पालकांचे काम आहे. त्यांच्या वाटेत चुकीचा शब्द न ठेवणे एवढे तरी आपण लिहिणाऱ्यांनी करावे.